टेलिमानस ते धारवाड: धार्मिक ओसीडीसाठी बेळगाव सीमाभागात काय मिळतं, काय मिळत नाही

निकाल आधी सांगतो. धार्मिक ओसीडी म्हणजे देवाधर्माचा मंत्रचळ: नको ते विचार मनात येतात आणि ते घालवायला माणूस तेच तेच करत राहतो. त्यासाठी टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन पहिली पायरी म्हणून चांगला आहे, पण तेवढ्यावर आजार हटत नाही. औषधं बेळगावातच नीट सुरू होतात, त्यासाठी लांब जायची गरज नाही. तुटवडा आहे तो ईआरपी नावाच्या वर्तनोपचाराचा (भीतीला सामोरं जायचं, पण विधी करायचा नाही), त्यातही तो मराठीतून करणाऱ्या माणसाचा. आणि धार्मिक ओसीडीत सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट तीच आहे. म्हणून खाली प्रत्येक सेवा एकाच कसोटीवर पाहिली आहे: इथं रुग्णाला 'काही होत नाही' असा धीर देऊन घरी पाठवतात, की शंका मनात ठेवूनच पुढचं काम करायला शिकवतात? ह्या आजारात धीर दिला की दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला शंका दुप्पट होऊन परत येते.

आजार दिसतो कसा? आरती चालू असताना गणपतीबद्दल घाणेरडा शब्द मनात उमटतो. कपिलेश्वराच्या पिंडीकडे बघताना अश्लील चित्र डोळ्यांपुढे येतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेला नवस पुरता फिटला की ओटीत काही राहून गेलं, ह्यावर वर्षभर घोळ चालतो. पाळी संपून डोक्यावरून अंघोळ झाली तरी देवघराच्या उंबऱ्यावर पाय अडतो, 'अजून विटाळ राहिला असेल तर?' आणि बाई परत न्हाणीत जाते. एखादा रस्त्यावरचा प्रत्येक कागद उचलतो, त्यावर देवाचं नाव असेल आणि पायाखाली येईल म्हणून. मुसलमान घरात एकाच नमाजासाठी वजू पाच-सहा वेळा होते आणि रकात मोजताना चुकली अशी शंका राहते. खानापूरकडच्या ख्रिस्ती घरात पाद्रींपुढे एक पाप सांगायचं राहिलं ही टोचणी असते, जैन घरात गाळलेल्या पाण्यात जीव राहिला असेल ही. धर्म बदलतो, साखळी तीच: नको असलेला विचार, भीती, भीती घालवायला एखादा विधी, थोडी सुटका, आणि त्या सुटकेमुळेच विचाराला आलेलं वजन.

घरच्यांना इथं मोठी अडचण होते, कारण सुरुवातीला हे भक्तीसारखंच दिसतं. पोरगं दोन तास पूजा करतंय म्हणून कौतुक होतं. फरक ओळखायच्या खुणा आहेत. रोजचा एक तासाहून जास्त वेळ त्यात जातो, शाळा, नोकरी, झोप अडते. धर्मातला एकच बारीक धागा, उदाहरणार्थ मंत्राचा उच्चार, प्रचंड मोठा होतो आणि बाकीचा धर्म वाळून जातो. अशा माणसाला भजनात गोडी लागत नाही, पंगतीत जेवण जात नाही. पूजा संपली की समाधान येत नाही, शंका येते. आणि बहुतेकांना हे आपलंच अती चाललंय हे कळत असतं, तरी थांबवता येत नाही. आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साधारण दोन-तीन आहे, त्यामुळे प्रत्येक मोठ्या गावात असे लोक आहेतच. ह्यात अंगात येणं नाही आणि करणीही नाही. वेडही नाही: मनात शिवी आली म्हणून ती देवाला देण्याची इच्छा आहे असं होत नाही. उलट ज्याला देव फार जवळचा, त्यालाच हा विचार सगळ्यात जास्त पोळतो.

आता सेवा.

टेलिमानस केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलं. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि वीस भाषांत मराठीही आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायची सूचना येते, तिथं घाईने कन्नड किंवा हिंदी दाबू नका. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. नाव न सांगता बोलता येतं, आणि लहान गावात हे सोन्यासारखं आहे. निपाणीच्या बाजारात डॉक्टरच्या पायरीवर चार लोक ओळखीचे भेटतात. फोनवर कुणी भेटत नाही.

पण ह्या फोनचा उपयोग तुम्ही काय सांगता त्यावर ठरतो. बहुतेक जण लाजेने 'टेन्शन आहे, झोप येत नाही' एवढंच सांगतात. मग उत्तरही तसंच मिळतं: श्वसन करा, ध्यान करा, फिरायला जा. ओसीडीच्या माणसाला ध्यान सांगणं म्हणजे आणखी एक विधी हातात देणं, तो श्वासही मोजून 'बरोबर झाला का' बघणार. म्हणून पहिल्याच मिनिटात असं सांगा: 'माझ्या मनात देवाबद्दल नको ते विचार येतात, ते घालवायला मी रोज इतके तास अमुक करतो, हे इतक्या महिन्यांपासून चाललंय, मला ओसीडीची शंका आहे, जवळ ईआरपी करणारं कोण आहे?' विचाराचा शब्दन् शब्द सांगायची गरज नाही, पण 'शिवी येते', 'अश्लील चित्र येतं' इतकं तरी स्पष्ट सांगावं. समोरच्याने असं काही पहिल्यांदाच ऐकलंय असं अजिबात नसतं.

दुसरी एक अडचण आहे. हा फोनच विधी होऊ शकतो. 'मी पापी नाही ना?' हे विचारायला रोज नव्या समुपदेशकाला फोन, रोज नवा धीर. चोवीस तास उघडं असलेलं दार धीर मागणाऱ्याला फार सोयीचं असतं. उपचार सुरू झाले की फोन कशासाठी करायचा आणि कशासाठी नाही हे उपचारकाबरोबर ठरवून लिहून ठेवावं. जीव नकोसा झाला, स्वतःला इजा करायचे विचार आले, तर मात्र कुठलाच नियम नाही: दिवस-रात्र केव्हाही १४४१६, आणि तातडीचा धोका असेल तर ११२.

बेळगावात बिम्स ह्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केएलईच्या रुग्णालयातही आहे. खानापूर, चिकोडी, अथणी अशा तालुक्यांसाठी कर्नाटकाची 'मनोचैतन्य' योजना लक्षात ठेवा: ठरलेल्या मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात. तुमच्या तालुक्याचा मंगळवार कुठला, हे जाण्याआधी रुग्णालयात विचारून घ्या, नाहीतर खेप फुकट जाते. औषधासाठी ह्या सेवा पुरेशा आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या ओपीडीत एका रुग्णाला पाच-दहा मिनिटं मिळणार हे धरूनच जा आणि एका कागदावर चार ओळी लिहून न्या: कुठले विचार, कुठले विधी, रोज किती वेळ, कधीपासून. डॉक्टरांनी 'देवाबिवाचं काही?' असं विचारायची वाट बघू नका. धार्मिक विचार लपवले गेले की चिंता किंवा नैराश्य एवढंच निदान होतं, आणि त्यासाठी दिलेला डोस ओसीडीला कमी पडतो.

औषधोपचार सगळ्यात जास्त फसतात ते इथंच. ओसीडीला लागणारा डोस नैराश्याच्या नेहमीच्या डोसाहून बहुधा जास्त असतो. फ्लुओक्सेटिन ४० ते ८० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुवोक्सामिन २०० ते ३०० मिलिग्रॅम, असे प्रौढांचे रोजचे डोस असतात, आणि ते हळूहळू चढवत न्यावे लागतात. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थपणा, झोप बिघडणं हे होतं, आणि बरेच जण तिथंच 'औषध मानवलं नाही' म्हणून सोडतात. म्हणजे त्रास सोसून झाला आणि फायद्याच्या आधीच औषध बंद. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे, विशेषतः मुलांकडे, ह्या दिवसांत घरच्यांनी नीट लक्ष ठेवावं. बेचैनी अचानक वाढली किंवा मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. क्लोमिप्रामिन हे जुनं औषध प्रभावी आहे, पण त्याआधी ईसीजी काढून घेणं शहाणपणाचं. बरं वाटल्यावरही औषध निदान एक ते दोन वर्षं चालतं आणि बंद करताना टप्प्याटप्प्याने करतात. नुसत्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळीवर महिनोन् महिने ठेवलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. डोस डॉक्टरच ठरवणार. पण 'हा डोस ओसीडीसाठी पुरेसा आहे का?' हा प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे. ह्यातली बहुतेक औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिम्हान्स, बेळगावपासून महामार्गाने पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आहे. सकाळची बस पकडली तर एका दिवसात जाऊन येता येतं. १८४५ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयातून ही संस्था उभी राहिली, आणि त्या जुन्या ओळखीमुळे 'धारवाडला नेलं' म्हटलं की आजही आपल्याकडे माणसं दचकतात. दचकू नका. ओपीडीत दाखवून माणूस संध्याकाळी घरी येतो, भरती व्हावं लागत नाही. तिथं जायचं कारण औषध नव्हे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. म्हणून नोंदणी करतानाच सांगा की वर्तनोपचारासाठी आलोय. निपाणीकरांना कोल्हापूर आणि अथणीकरांना मिरज जवळ पडतं. तिथल्या सरकारी रुग्णालयांत मराठीतून बोलता येतं हा मोठाच फायदा. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, पण पाचशे किलोमीटरची ती खेप सुरुवातीलाच करायचं कारण नाही. दोन औषधं पूर्ण डोसात पूर्ण काळ घेऊन आणि ईआरपी मनापासून करूनही घरातलं जगणं अडलेलं असेल, तेव्हा जुने सगळे कागद घेऊन जावं.

भाषेचा प्रश्न इथं नुसत्या सोयीचा नाही. आपल्याकडचा माणूस कन्नडमध्ये बाजार करतो, हिंदीत ऑफिसात बोलतो, पण देवघरातली शिवी त्याला मराठीतच येते. उपचारात तो शब्द, ती भीती जशीच्या तशी बोलावी लागते. परक्या भाषेत तीच गोष्ट बोलली तर अंगावर काटा येत नाही, आणि काटा आला नाही तर सरावही होत नाही. उपचारक कन्नड बोलणारा असला तर बोलणं कन्नडमध्ये चालेल, पण सरावाची वाक्यं मराठीतच लिहून घ्या आणि मराठीतच म्हणा.

ईआरपी म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि त्यानंतरचा विधी करायचा नाही. आठवड्याला साधारण एक तास ते दीड तास, अशा १२ ते २० बैठका, आणि रोज घरी पाऊण ते एक तास सराव. सुरुवातीला वाय-बॉक्स नावाची १० प्रश्नांची मोजणी होते, ० ते ४० गुणांची; १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र. गुण निदान ३५ टक्क्यांनी उतरले तर उपचार लागू पडतोय असं धरतात. दर महिन्याला हा आकडा न मोजणाऱ्याला 'सुधारणा होतेय' हे कशावरून कळतं, असं विचारायला हरकत नाही.

आरतीत शिवी येणाऱ्या तरुणासाठी पायऱ्या कशा बांधतात ते पाहा. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. ३० गुणांची पायरी: आरती एकदाच म्हणायची, मध्ये कितीही शंका आली तरी कडवं परत नाही. ४५: वहीत लिहायचं, 'माझ्या मनात देवाबद्दल वाईट शब्द येतो', आणि वही देवघराच्याच खोलीत ठेवायची. ६०: मूर्तीसमोर बसून विचार येईल तसा येऊ द्यायचा; कान धरायचे नाहीत, 'क्षमा कर' म्हणायचं नाही. ७५: कपिलेश्वराला जायचं, एकच नमस्कार करायचा, आणि तो नीट झाला नाही असं वाटत असतानाच बाहेर पडायचं. ९०: स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करायचं, 'कदाचित मी ते मुद्दाम म्हटलं असेल. कदाचित देव रागावला असेल. मला हे पक्कं कधीच कळणार नाही', आणि अर्धा तास तेच पुन्हा पुन्हा ऐकायचं. एक पायरी चार-पाच दिवस रोज केली की तिचा दरारा बहुधा ओसरतो, मग पुढची. भीती शून्यावर यायला हवी असा हट्ट नको. भीती असतानाही जेवायला बसता आलं, कामावर जाता आलं, हे यश.

ईआरपीत सगळ्यात जास्त फसतं ते मनातल्या विधीत. बाहेरून माणूस शांत बसलेला दिसतो आणि आतून 'राम राम राम' किंवा 'मी नाही म्हटलं, मी नाही म्हटलं' चालू असतं. तसा सराव वाया जातो. उपचारकाने 'आत्ता मनात काय करतोयस?' हे दर थोड्या वेळाने विचारायलाच हवं. जो विचारत नाही त्याला हा आजार नीट माहीत नाही. विधी झालाच तर उपाय सोपा आहे: भीतीचं वाक्य परत एकदा म्हणून तो विधी खोडायचा आणि पुढे चालायचं. मनगटाला रबर लावून विचार आला की झटका द्यायला सांगणारे अजून आहेत. त्याने विचार वाढतात.

'म्हणजे देवाची विटंबना करायला लावणार?' ही शंका घरोघरी निघते आणि ती रास्त आहे. चांगला उपचारक मूर्तीचा अपमान करायला, अभक्ष्य खायला, श्रद्धा सोडायला सांगत नाही. तो सांगतो ते इतकंच: गावातला साधा भाविक रोज जेवढी चूकभूल पचवतो तेवढी तुम्हीही पचवा. तुमच्या घरची म्हातारी आरती चुकली तर परत म्हणते का? पारायणात जांभई आली म्हणून माळकरी अध्याय पुन्हा वाचतो का? तीच मर्यादा. कुणी ह्याच्या पलीकडे ढकलत असेल तर थांबा आणि उपचारक बदला. श्रद्धेची टिंगल करणाऱ्याकडेही जाऊ नका. अशाकडे रुग्ण दुसऱ्या बैठकीला येतच नाही.

गुरुजी, मौलवी, पाद्री ह्यांची मदत मोलाची आहे, पण एकदाच. उपचारकाने आधी त्यांना आजार समजावावा, मग रुग्णासमोर नियम ठरावे: अंघोळ एक, संकल्प एकदा, नमस्कार एक, प्रायश्चित्त नाही. त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा आला तर उत्तर, 'ठरलंय ते ठरलंय.' दर आठवड्याला नवीन शांत, नवीन होम सांगणारा माणूस हितचिंतक असला तरी आजाराला खाऊ घालतो.

खासगी किंवा ऑनलाइन मराठी सायकॉलॉजिस्ट निवडताना आधी फोनवर चार गोष्टी विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का? ईआरपी करता का, आणि घरचा सराव देता का? मनातले विधी कसे हाताळता? घरच्यांना एका तरी बैठकीला बोलावता का? चारही उत्तरं सरळ आली तर पैसे योग्य ठिकाणी चाललेत. 'आपण बोलून बालपणापासून सगळं मोकळं करू' असं उत्तर आलं तर ह्या आजारापुरतं ते ठिकाण नको. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावलंय. पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का हे मात्र आधी बघा.

घरच्यांचं काम अवघड आहे. 'आई, मी आत्ता देवाला वाईट काय बोललो न्हाई न्हवं?' ह्याला आईच्या तोंडून 'न्हाई रे बाळा' निघणारच. ते एकदम तोडलं तर घरात भांडण होतं. आठवड्यागणिक कमी करा: पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच उत्तरं, पुढच्या आठवड्यात तीन, मग एक, मग फक्त एवढंच, 'हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, चल, भाजी निवडायला बस.' आवाज मऊ ठेवा, उत्तर देऊ नका. त्याच्यासाठी वेगळं सोवळं, वेगळी बादली, दोनदा धुतलेली भांडी ही सोय बंद करतानाही असाच क्रम.

श्रावण, गणपती, नवरात्र, सौंदत्तीची पौर्णिमा ह्या दिवसांत बरा झालेला माणूसही परत घसरतो, कारण घरात सोवळं वाढतं आणि सगळेच जास्त पूजा करत असतात. उपचारकाची एक जादा बैठक चतुर्थीच्या दोन आठवडे आधी ठरवून ठेवा. त्या बैठकीत घरचे सगळे मिळून कागदावर लिहा: रोज किती आरत्या, किती वेळ, प्रसाद कोण करणार, मूर्तीला हात लागला किंवा फूल पडलं तर काय करायचं (काहीच नाही). कागद देवघराच्या दाराला लावा. दोरे, घट, अखंड दिवा असल्या ज्या गोष्टी विझल्या-तुटल्या तर अनर्थ मानतात त्या सांभाळायचं काम त्या वर्षी दुसऱ्याकडे द्यायचं की मुद्दाम त्याच्याकडेच, हे उपचार कुठल्या पायरीवर आहे त्यावर उपचारकाने ठरवावं, घरच्यांनी नव्हे.